नारळाचं पोतं

"आरव, मिहिका कुठंय?"

हेमानं हे विचारलं तेव्हा पोरं सांभाळणारी सायरा शाळेच्या बसच्या पायरीशी हात पुढं करून उभी होती. शारजातल्या अल मजाजच्या या शेवटच्या स्टॉपवर रोज सगळ्यात शेवटी त्या हातात एक छोटा, चिकट पंजा यायचा आणि मिहिका दोन्ही पाय जुळवून खाली उडी मारायची. आज आरव उतरला, पाण्याची बाटली हलवत आईपाशी गेला आणि सायराचा हात तसाच राहिला.

"शी इज कमिंग," आरव म्हणाला. मागं वळून बघायचीही तसदी त्यानं घेतली नाही.

सायरा आत वळली. तिसऱ्या रांगेत, पुढच्या सीटच्या वर गुलाबी टोपीचा शेंडा दिसत होता. पोर झोपली असणार. शाळा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, एवढ्याशा जिवाला दुपारपर्यंत पेंग यायचीच. "मिहू, ऊठ गो बाय, घर आलं," म्हणत सायरा तिथं पोचली आणि तिनं टोपीवर हात ठेवला. टोपी घसरून खाली पडली. टोपीखाली दप्तर होतं. सीटवर कुणीतरी ते नीट उभं करून ठेवलं होतं.

तिनं गुडघे टेकून सीटखाली पाहिलं, मग पुढची रांग, मग मागची, अगदी शेवटच्या बाकापर्यंत. एक पेन्सिल सापडली, एक अर्धं खाल्लेलं चीज सँडविच सापडलं. मिहिका नव्हती.

"आपा, काय झालं?" ड्रायव्हर मोईननं आरशातून विचारलं.

सायरानं रिकामी टोपी वर धरून दाखवली. तोवर हेमा बसमध्ये चढली होती. तिनं दप्तर पाहिलं, टोपी पाहिली, आणि आरवला दंडाला धरून वर ओढलं.

"हे इथं कोणी ठेवलं?"

"मी," आरव म्हणाला. आता त्याचाही आवाज बारीक झाला होता. "टू कीप हर सीट. नाहीतर फहद बसतो तिथं."

"आणि ती कुठं होती?"

"बिहाइंड मी! मम्मा, आय स्वेअर, शी वॉज राइट बिहाइंड मी. आय टुक हर बॅग अँड कॅप अँड रॅन टू गेट द सीट."

"आणि तिचं कार्ड?"

आरवनं गळ्यातली दोन्ही कार्डं वर धरली. पहिल्याच आठवड्यात मिहिकानं स्वतःचं कार्ड हरवलं होतं, तेव्हापासून नवं कार्ड भावाच्याच गळ्यात असायचं. चढताना त्यानं दोन्ही कार्डं मशीनला लावली होती. सायराच्या हातातल्या टॅबलेटवर मिहिकाच्या नावापुढं हिरवी खूण अजूनही दिसत होती. टॅबलेटच्या म्हणण्याप्रमाणे मुलगी बसमध्येच होती.

सायरानं मुरलीधर सरांना फोन लावला. ते शाळेच्या बसगाड्यांचे सुपरवायझर. मूळचे नाशिकचे, माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत.

"सर, मिहिका बसमध्ये नाहीये."

"म्हणजे काय? सिस्टिममध्ये बोर्डेड दाखवतंय. नीट बघा, सीटखाली वगैरे."

"बघितलं, सर. ती चढलीच नाही. तिच्या भावानं कार्ड लावलं. ती तिथंच राहिलीय, शाळेत."

पलीकडं त्यांनी कुणाला तरी ओरडून हाक मारली. मग ते म्हणाले, "तुम्ही इकडं या. मी गार्ड लावतो शोधायला."

मोईननं बस वळवली. हेमा आणि आरव पुढच्या सीटवर बसले. खालिद लगूनच्या कडेनं गाड्यांची रांग लागली होती आणि बस मुंगीच्या पावलानं सरकत होती. एप्रिल संपत आला होता. बाहेर पाण्यावर ऊन नुसतं चकाकत होतं. ते बघवेना, म्हणून सायरा समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटकडं बघत राहिली.

हेमा फोनवर नवऱ्याशी बोलत होती. "देवांश, तू निघ. नाही, मला काही माहीत नाही. तू फक्त निघ." फोन ठेवून ती सायराकडं वळली. "सायराताई, तुम्ही बघत नाही का मुलं चढताना? तुमच्या भरवशावर सोडते मी तिला. त्या मशीनच्या नाही."

सायरानं मान खाली घातली. अकरा वर्षं ती या बसमध्ये होती. अकरा वर्षं बस निघायच्या आधी ती पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत जायची, प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावायची, चेहरा बघायची आणि मगच मोईनला "यल्ला", म्हणजे चल, असं म्हणायची. मोठी पोरं वैतागायची, केस विसकटतात म्हणून. मागच्याच आठवड्यात मुरलीधर सरांनी तिला बोलावून घेतलं होतं. "सायराबाई, टॅबलेट कशाला दिलाय? तुमची बस रोज सगळ्यात उशिरा सुटते. पेरेंट्सच्या कंप्लेंट येतात. हिरवं दिसलं की निघायचं, खलास." दोन-तीन दिवस तिनं ऐकल्यासारखं करून आपलंच चालवलं. आज सर स्वतः गेटपाशी उभे होते. आज पहिल्यांदाच ती जागेवरून उठली नाही. तिनं बसल्या बसल्या मागं नजर टाकली, गुलाबी टोपी पाहिली, "आरव, मिहिका आहे ना?" असं ओरडून विचारलं. मागच्या कल्ल्यातून "येस, येस" आलं आणि ती म्हणाली, "चल मोईन."

मिहिकाचं दप्तर आता तिच्या मांडीवर होतं. तिनं टोपी पुन्हा त्याच्यावर घातली, मग एकदम काढून बाजूला ठेवली.

नारळाचं पोतं. पंचेचाळीस वर्षं हे दोन शब्द तिची पाठ सोडत नव्हते.

सायराच्या सासर-माहेरच्या कुठल्याही लग्नात, बारशात, आणि इथं शारजा-दुबईत जमणाऱ्या कोकणी मंडळींच्या प्रत्येक जेवणात, पोटं भरली की कुणीतरी म्हणायचंच, "हनीफभाई, ती पोत्याची सांगा." आणि तिचा नवरा हनीफ, जो एरवी हमरिया फ्री झोनमधल्या गोदामात दिवसभर चार वाक्यं बोलत नसेल, तो पाय पसरून, अगदी रंगात येऊन सांगायचा. सायराच्या माहेरची, बाणकोटची मंडळी लग्नाला खाडीपलीकडं गेली होती. परत येताना रात्र झाली. सायराच्या चाचीनं होडीत बसलेली पोरं मोजली. कोपऱ्यात नारळाचं पोतं होतं, वाऱ्यानं उडू नये म्हणून कुणीतरी आपली शाल त्याला गुंडाळली होती. चाची म्हणाली, ही बघा, ही सायरा झोपली, आणि पोत्याच्या डोक्यावर हात फिरवून तिनं मोजणी पुरी केली. इतकंच नाही, तर घरी पोचल्यावर म्हणाली, पोर दमलीय, उचलून आत ठेवा! इथं हनीफ पोतं उचलल्याची नक्कल करायचा, कंबर धरून. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. सायरा-हनीफची मुलं फैज आणि हिबा लहानपणापासून आईला चिडवायची, "अम्मी, नारळ!" सायराही हसायची. गोष्ट होतीच हसण्यासारखी. फक्त त्या गोष्टीत पोतं घरी पोचायचं आणि गोष्ट संपायची. सायरा कुठं होती हे कुणी विचारत नसे, कारण ती तर समोर बसून चहा गाळत असायची.

एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की सायराला एक खोड आहे. कुठूनही निघताना ती सगळ्यात शेवटी निघते. कुणाचं घर असो, हॉल असो, समुद्रावरची सहल असो, सगळे बाहेर पडले की ती एकदा मागं फिरून बघते. हनीफ तोवर खाली जाऊन गाडीत हॉर्न वाजवत बसलेला असायचा.

आणि आज तिनंच पोत्याला सायरा म्हटलं होतं. चाचीला ती मनातल्या मनात अख्खं आयुष्य दोष देत आली होती. चाची निदान डोक्यावर हात फिरवायला गेली तरी होती.

"मी तिला रोज शिकवते," हेमा रडत रडत स्वतःशीच बोलत होती. "सगळ्या बस सारख्याच दिसतात, तिला वाचता येत नाही. म्हणून सांगते, हिरवी पट्टी बघ. दाराला हिरवी पट्टी असेल तीच आपली बस."

सायरानं झटकन दाराकडं पाहिलं. दाराच्या दांडीला पट्टी नव्हती.

ती पट्टी तिचीच होती. जुन्या ओढणीची, पोपटी रंगाची. दरवर्षी एप्रिलमध्ये बालवाडीची नवी पोरं आली की ती बांधायची, आणि जून येईपर्यंत पोरं बस ओळखायला शिकली की सोडायची. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं होतं. काल त्यांच्या बसचा एसी बंद पडला आणि दुपारी जादा बस घेऊन जावं लागलं. पोरं गोंधळू नयेत म्हणून तिनं आठवणीनं पट्टी सोडून त्या बसला बांधली. आज सकाळी आपली बस दुरुस्त होऊन आली, तेव्हा ती आपल्या बसमध्ये चढली. पट्टी तिथंच राहिली.

तिनं पुन्हा फोन लावला. "सर, जादा बस बघा. शेडमधली. ती त्या बसमध्ये गेली असेल."

"बघितली हो! सगळ्या बस बघितल्या. गार्ड आत चढून हाका मारून आले. कोणी नाही. आता वॉशरूम बघतायत, टेरेस बघतायत. पोलिसांना कळवतोय मी."

"हाका मारल्या?"

"मग काय तर! चार-चार जण ओरडतायत."

सायरानं फोन खाली ठेवला. चार-चार माणसं ओरडतायत. एकदम तिला कळलं की मुलगी कुठं आहे. म्हणजे खात्री नव्हती, पण दुसरं काही मनात येईना. "मोईन, जरा लवकर," ती म्हणाली. "अल्लाच्या वास्ते, लवकर."

मोईननं हॉर्नवर हात ठेवला तो शाळेपर्यंत काढला नाही.

शाळेच्या पटांगणात माणसं सैरावैरा धावत होती. एक शिक्षिका रडत होती. गार्ड "मिहिका! मिहिका!" असे ओरडत इकडून तिकडं जात होते, आणि तो आवाज ऐकून मोठ्या माणसालाही धडकी भरली असती. मुरलीधर सर फोन कानाला लावून गेटपाशी उभे होते. त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. सायरा त्यांच्याशी न बोलता सरळ पत्र्याच्या शेडकडं निघाली. हेमा तिच्या मागं धावली.

जादा बस भिंतीकडं तोंड करून उभी होती. दार उघडं होतं. दांडीला पोपटी पट्टी होती, गाठ सायराच्याच हातची.

"मिहू!" हेमानं तोंड उघडलं, आणि सायरानं तिचा हात घट्ट धरला.

"मॅडम, हाक मारू नका."

"काय? सोडा मला! माझी मुलगी..."

"मारू नका हाक. मी हात जोडते. ती आत असेल तर घाबरून बसलीय. एवढी माणसं ओरडतायत, तिला वाटतंय सगळे तिच्यावर चिडलेत. तुम्ही इथं पायरीशी थांबा. मला पाच मिनिटं द्या."

हेमानं तिच्याकडं पाहिलं. याच बाईनं आपली मुलगी हरवली, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी ती थांबली. का थांबली हे तिलाही सांगता आलं नसतं. तिनं ओठ दाबून धरले आणि दाराच्या दांडीला धरून उभी राहिली.

आत भट्टीसारखं गरम होतं. खिडक्या अर्ध्या उघड्या होत्या एवढंच बरं. सीटांवर कुणी नव्हतं. सायरानं वाकून पाहिलं नाही. ती सीटांच्या मधल्या वाटेत, मधोमध खाली बसली, पाय दुमडून, घरी भाजी निवडायला बसायची तशी.

"एक मुलगी होती," ती हळूच म्हणाली, कुणाहीकडं न बघता. "तुझ्यापेक्षा थोडी मोठी. तिचं गाव खाडीच्या काठी. एकदा तिच्या घरचे सगळे खाडीपलीकडं लग्नाला गेले. खूप जेवण, खूप पोरं. खेळून खेळून ती दमली आणि एका खोलीत गाद्यांचा ढीग होता, त्याच्यामागं जाऊन झोपली. उठून बघते तर घरात तिच्या ओळखीचं कुणीच नाही. ती धावत धावत धक्क्यावर गेली. तिच्या घरच्यांची होडी पार मधोमध गेली होती. होडीतला कंदील दिसत होता. माणसं गाणी म्हणत होती."

मागच्या बाजूला काही हललं का? तिला नीट कळलं नाही. ती तशीच बोलत राहिली.

"तिला वाटलं, सगळ्यांना मोजून नेलं आणि मला नाही नेलं. म्हणजे मीच काहीतरी वाईट वागले. धक्क्यावर एक होडी उलटी घालून ठेवली होती, डांबर लावायला. ती तिच्याखाली शिरली. मग लग्नघरातल्या लोकांना कळलं. ते कंदील घेऊन शोधायला आले. सायरा, सायरा, असे ओरडत होते. खूप मोठ्यानं. ती हलली नाही. तोंडातून आवाज निघू नये म्हणून तिनं ओढणीचा बोळा तोंडात घातला. तिला वाटलं, बाहेर गेले तर मारतील. माणसं घाबरली ना, की त्यांचा आवाज चिडल्यासारखाच येतो. ते तिला माहीत नव्हतं. ते लोक होडीच्या जवळून गेले, तिला त्यांचे पाय दिसले. मग ते दुसरीकडं गेले. ती रात्रभर तिथं होती. वाळूत खेकडे होते."

शेवटच्या बाकाखालून, अगदी बारीक आवाज आला. "हाऊ मेनी?"

पायरीशी उभ्या हेमानं दोन्ही हात तोंडावर दाबले.

"दोन," सायरा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तिनं सांभाळला. "एक मोठा, एक लहान."

"डिड दे बाइट?"

"नाही. तेपण घाबरले होते."

बाकाखाली बूट घासल्याचा आवाज आला. मग, "आंटी, डिड दे हिट हर? इन द मॉर्निंग?"

"नाही मारलं. सकाळी तिचे अब्बा आले, त्यांनी तिला उचलून घेतलं."

"इज दादा अँग्री?"

"दादा बाहेर रडतोय."

"अँड मम्मा?"

"मम्मा चिडली नाही. मम्मा घाबरलीय."

बाकाखालून आधी एक बूट आला, मग मोजा गळालेला दुसरा पाय. मिहिका रांगत बाहेर आली. चेहरा लालबुंद, केस घामानं कपाळाला चिकटलेले, आणि युनिफॉर्मची कॉलर तोंडात धरून धरून पार ओली झालेली. "आय केम इन द राँग बस," ती पुटपुटली.

"नाही गो बाय," सायरा म्हणाली. "तू पट्टी बघून बसलीस. तू बरोबरच बसलीस. पट्टी चुकीच्या बसला होती. चूक माझी."

मिहिकानं तिच्या गळ्यात हात टाकले. मग हेमा आत आली आणि सायरानं मुलगी तिच्या हाती दिली, आणि दोन्ही सीटांना धरून कशीबशी उठली.

पुढं नर्स आली, बर्फाचं पाणी आलं, देवांश आला. त्यानं मुलीला आधी कुशीत घेतलं आणि मग मुरलीधर सरांवर तोंड टाकलं. सगळे पांगल्यावर सर सायराजवळ आले. "त्या बसमध्ये ती कशी गेली हो? मला वर रिपोर्ट द्यायचाय."

सायरानं पट्टीचं सगळं सांगितलं. आज उठून बघितलं नाही, तेही सांगितलं. तुम्हीच म्हणाला होता, हे मात्र ती म्हणाली नाही. सरांना ते न म्हणताही आठवलं असावं, कारण ते बराच वेळ पत्र्याच्या शेडकडं बघत राहिले.

"चौकशी होईल," ते शेवटी म्हणाले. "तोवर बसवर नका येऊ, सायराबाई."

ती पट्टी तिनं सोडली, घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि टॅबलेट त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. हनीफ नुकताच हमरियाहून आला होता आणि बनियनवर चहा पीत होता. सायरानं त्याला आदल्या रात्री थोडक्यात सांगितलं होतं, एक मुलगी चुकली होती, सापडली, आता काही दिवस मी घरी आहे. तो "इन्शाल्ला सगळं ठीक होईल" म्हणून झोपला होता. दारात हेमा होती, मिहिकाला घेऊन. हनीफ शर्ट घालायला आत पळाला.

"बसा ना, मॅडम."

हेमा बसली खरी, पण पर्सचा पट्टा हातात पिळत राहिली. "सायराताई, देवांशनं शाळेला मेल केलीय. तुम्हाला काढावं म्हणून. मी खूप समजावलं. तो ऐकत नाही."

सायराला वाईट वाटलं. वाटणार नाही कसं? अकरा वर्षं होती. "बाप आहे तो," ती म्हणाली. "त्याच्या जागी मी असते तर मीपण तेच केलं असतं."

"पण मी तुम्हाला काय म्हणू?" हेमाचा आवाज कापला. "तुमच्यामुळं गेली आणि तुमच्यामुळंच मिळाली."

सायरानं मिहिकापुढं खजूर ठेवले. हनीफ शर्टाची बटणं लावत बाहेर आला, आणि लहान पोर दिसल्यावर त्याचा चेहरा खुलला. मिहिका लगेच त्याच्याकडं वळली.

"अंकल, यू नो, आंटी वॉज लॉस्ट ऑल्सो. व्हेन शी वॉज लिटल."

"अरे, मला नाही माहीत? नारळाचं पोतं ना!" हनीफनं कंबर धरून पोतं उचलायला सुरुवातही केली.

"व्हॉट पोतं?" मिहिकानं कपाळाला आठ्या घातल्या. "नो, अंकल. शी वॉज अंडर द बोट. द होल नाइट. देअर वेअर टू क्रॅब्ज. पीपल वेअर शाउटिंग हर नेम अँड शी पुट हर दुपट्टा इन हर माउथ. लाइक धिस." तिनं आपली मूठ तोंडात कोंबून दाखवली आणि डोळे मोठे केले.

हनीफ कंबर धरूनच उभा राहिला. मग त्यानं हात खाली सोडले.

मायलेकी गेल्या. सायरा कपबश्या उचलत होती. हनीफ खुर्चीत बसून होता, टीव्ही बंद.

"ओढणी तोंडात?" त्यानं विचारलं.

"हं."

"अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला. कधी बोलली नाहीस."

"तुम्ही सगळे हसत होता," सायरा म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. "अब्बापण हसले होते त्या सकाळी. मला उचललं आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडले. पण बाकीच्यांनी हसणं तेवढं बघितलं. मग मीपण हसायला लागले."

हनीफनं तिच्या हातातली कपबशी घेतली आणि स्वतः बेसिनपाशी गेला. कितीतरी वेळ पाणी चालू होतं. दोन कप धुवायला एवढं पाणी लागत नाही.

शुक्रवारी दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीत, हनीफचा मित्र अहमद याच्याकडं जेवण होतं. त्याच्या मुलाचं नुकतंच लग्न झालेलं, सूनबाई पहिल्यांदाच इथं आली होती. एमान तिचं नाव, म्हसळ्याची मुलगी. बिर्याणी झाली, खीर झाली, आणि अहमदनं उशीला टेकत हाक दिली. "हनीफभाई, सुनेनं ऐकली नाही अजून. पोत्याची होऊन जाऊ दे!"

सगळ्यांचे चेहरे हनीफकडं वळले. काहींनी हसायची तयारीही केली. सायरा वाटीतली खीर चमच्यानं फिरवत राहिली.

"ती गोष्ट माझी नाही," हनीफ म्हणाला. "सायराची आहे. तिला सांगायची असेल तर ती सांगेल."

खोलीत जरा अवघडल्यासारखं झालं. अहमदनं टेकलेली उशी सारखी केली. एमान सायराच्या शेजारीच बसली होती. तिनं हळूच विचारलं, "कसली गोष्ट, खाला?"

"लहानपणी मला एकदा विसरले होते. खाडीपलीकडं. सकाळी न्यायला आले."

"या अल्ला! मग रात्रभर तुम्ही एकट्या?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सायरानं वाटी खाली ठेवली.

"हो," ती म्हणाली. "एकटीच होते."

एमाननं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढं काही विचारलं नाही. मग कुणीतरी चहाचं बोललं, कुणी क्रिकेटचं काढलं, आणि बैठक पुन्हा सुरू झाली.

निघायची वेळ झाली. दाराशी चपला-बुटांचा ढीग होता. हनीफ नेहमीसारखा पुढं गाडी काढायला जाईल म्हणून सायरा बाजूला सरकून थांबली. तो एक बूट पायात आणि एक हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"तू हो पुढं," तो म्हणाला.

"का?"

"मी येतो मागून. बघून येतो."

"काय बघता? आपण दोघंच तर आलो होतो."

"तरी बघतो."

सायरा व्हरांड्यातून लिफ्टपर्यंत चालत गेली. पाठीमागं कुणी नाही असं चालायची तिला सवय नव्हती, पाय कुठं ठेवावा तेच कळेना. बटण दाबून तिनं मागं वळून पाहिलं. उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. अहमद आणि मंडळी गोंधळून बघत होती, आणि हनीफ एका पायात बूट घालून, गुडघ्यावर हात टेकून, सोफ्याखाली वाकून बघत होता. मग तो आतल्या खोलीत गेला. तिथला दिवा लागला, आणि थोड्या वेळानं विझला.

लिफ्ट आली. सायरा दार हातानं धरून उभी राहिली.